माशाचे विच्छेदन आणि वर्गीकरण: कापण्याआधी काय मोजायचे, कापताना काय जपायचे आणि शेवटी गट कसा ठरवायचा

मासा ट्रेमध्ये आला की बहुतेकांची पहिली कात्री पोटावर चालते आणि निम्मे काम तिथेच बिघडते. पोट उघडल्यावर शरीर सैल पडते, लांबी चुकते, कापाच्या रेषेवरचे खवले गळतात आणि पार्श्वरेषेची (कुशीवरून शेपटीकडे जाणाऱ्या छिद्रांच्या खवल्यांच्या ओळीची) मोजणी अर्धवट राहते. मग गट ठरवायला हाताशी उरतो तो फक्त माशाचा आकार. आकारावरून गट ठरवणे हीच या विषयातली सगळ्यात मोठी चूक आहे. प्रत्येक टप्पा त्याच्या आधीच्या टप्प्याचा पुरावा थोडाफार नष्ट करतो, म्हणून इथे क्रमाला फार महत्त्व आहे.

पुढची पद्धत कार्प कुळातल्या २० ते २५ सेंमी लांबीच्या माशासाठी लिहिली आहे. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांपैकी कोणताही चालेल. काटेरी परांच्या माशात जिथे फरक पडतो, तिथे तिलापियाचे उदाहरण दिले आहे.

## टप्पा १: या नमुन्यातून काय हवे ते आधी ठरवा

एकाच माशातून सगळे मिळत नाही. काही गोष्टी एकमेकींच्या आड येतात.

डीएनएसाठी ऊतक हवे असेल तर ते फॉर्मॅलिनचा स्पर्श होण्याआधी घ्या. उजव्या बाजूच्या स्नायूचा किंवा पराचा हरभऱ्याएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे पाडते आणि त्याला प्रथिनांशी जखडते, त्यामुळे नंतर घेतलेला तुकडा बहुधा वाया जातो.

कानातले खडे, म्हणजे ओटोलिथ, कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि आम्लधर्मी फॉर्मॅलिनमध्ये विरघळतात. मेंदूचे उलट आहे. ताज्या माशाचा मेंदू इतका मऊ असतो की चिमट्याने उचलताच त्याचा लगदा होतो. तो घट्ट व्हायला फॉर्मॅलिनच लागते. दोन्ही हवे असतील तर दोन मासे घ्या.

रंग फक्त ताज्या माशावर खरा दिसतो. फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्ये लाल-पिवळा जातो, काळा टिकतो. त्यामुळे परांच्या कडा, डोळ्याचा रंग आणि अंगावरचे ठिपके यांची नोंद पहिल्या दहा मिनिटांत झाली पाहिजे.

साहित्य: मेणाचा ट्रे, टाचण्या, एक कात्री बोथट टोकाची आणि एक बारीक टोकाची, दोन चिमटे, दोन सुया, स्काल्पेल, ०.१ मिमीपर्यंत मोजणारे व्हर्निअर कॅलिपर, दहापट भिंग, हातमोजे, पेन्सिल.

गोठवलेला मासा वापरायचा असेल तर तो आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गरम पाण्यात सोडलेल्या माशाची कातडी सुटते आणि आतले यकृत पातळ होते. गोठवल्याने पेशी फुटतात, म्हणून अशा माशाचे कल्ले फिकट दिसतात. त्यावरून आजार किंवा शिळेपणा ठरवू नका.

> तपासा: लेबल तयार आहे का? नमुना क्रमांक, ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव जाड कागदावर पेन्सिलीने लिहा आणि लेबल बरणीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि बाहेर चिकटवलेले लेबल कधीतरी सुटतेच.

## टप्पा २: मांडणी आणि मापे

माशाचे डोके तुमच्या डावीकडे आणि पोट तुमच्याकडे येईल असा ठेवा. म्हणजे त्याची डावी कूस वर येते. फोटो, मापे आणि मोजणी डाव्या बाजूवर करण्याचा संकेत जगभर पाळला जातो, त्यामुळे तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशी पडताळता येतात. पर उघडून टाचण्यांनी ताणा. टाचणी पराच्या पडद्यातून न घालता शलाकेला (पराला ताठ ठेवणाऱ्या काडीला) बाहेरून टेकवा. शेजारी मोजपट्टी ठेवून मगच फोटो काढा.

लांब्या तीन असतात. एकूण लांबी मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या सर्वांत लांब टोकापर्यंत. फाटा-लांबी शेपटीच्या खाचेपर्यंत. प्रमाण लांबी शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत. वर्गीकरणात लागते ती प्रमाण लांबी, कारण शेपटीची टोके बहुतेक नमुन्यांत तुटलेली असतात.

गडबड होते ती प्रमाण लांबीचे मागचे टोक शोधताना. पुष्कळ जण खवले संपतात तिथे कॅलिपर टेकवतात, पण खवले शेपटीच्या परावरही थोडे चढलेले असतात. शेपटीचा पर हळूच एका बाजूला वळवा. बुडाशी कातडीवर एक आडवी घडी पडते. आतले हायपुरल हाड तिथे संपते आणि प्रमाण लांबीही तिथेच संपते. घडीवर टाचणी रोवून ठेवा, खवल्यांच्या मोजणीत तिचा पुन्हा उपयोग होईल.

बाकीची मापे: डोक्याची लांबी (मुस्कटाच्या टोकापासून कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेपर्यंत), डोळ्याचा व्यास, शरीराची सर्वाधिक उंची, शेपटीच्या देठाची सर्वांत कमी उंची. ही सगळी मापे कॅलिपरने सरळ रेषेत घ्या. अंगावरून टेप फिरवला तर शरीराचा फुगवटाही मापात येतो आणि अंडी भरलेली मादी उगाच लांब भरते.

> सावधान: नुसते मिलिमीटर लिहून थांबू नका. डोक्याची लांबी प्रमाण लांबीच्या किती टक्के आहे तेही काढा. लहान आणि मोठ्या माशांची तुलना टक्क्यांवरच होते. तेवढ्यानेही वयाचा परिणाम पूर्ण पुसला जात नाही: पिल्लांचे डोळे प्रमाणाने मोठेच असतात.

## टप्पा ३: परांच्या शलाका आणि खवले मोजणे

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून उरकला जातो. पण गट ठरवण्याचा अर्धा पुरावा इथे आहे.

### काटा की शलाका

खरा काटा एकसंध असतो. त्याला फाटे नसतात आणि आडवे सांधेही नसतात. मऊ शलाका डाव्या-उजव्या अशा दोन अर्धुकांची बनते आणि तिच्यावर आडवे सांधे दिसतात. पर उजेडासमोर धरून भिंगातून पाहा. सांधे बारीक आडव्या रेघांसारखे दिसतील.

सायप्रिनसच्या पाठीच्या परातली एक पुढची शलाका इतकी कडक आणि मागच्या कडेला करवतीसारखी असते की हमखास काटा म्हणून लिहिली जाते. ती कडक झालेली शलाकाच आहे. सुईचे टोक बुडाशी पुढून घातले तर दोन अर्धुकांमधली फट लागते. ही एक नोंद चुकली की कार्पसारखा मासा काटेरी परांच्या गटात जाऊन बसतो.

नोंद करताना काटे रोमन आकड्यांत आणि शलाका नेहमीच्या आकड्यांत लिहितात. फाटे नसलेल्या आणि फाटे असलेल्या शलाका वेगवेगळ्या लिहा. पाठीच्या पराच्या अगदी पुढच्या एक-दोन शलाका बोटाला लागतही नाहीत इतक्या आखूड असतात आणि कातडीखाली दडलेल्या असतात. तिथली कातडी सुईने जराशी उचलून पाहा.

पाठीच्या परात आणि गुदपरात सर्वांत मागची शलाका बुडापासून दुभंगलेली असते आणि दोन असल्यासारखी दिसते. दोन्ही एकाच बुडातून निघत असतील तर ती एकच मोजा. आकडा पुस्तकातल्यापेक्षा नेमका एकने जास्त येत असेल तर बहुतेक वेळा चूक इथेच असते.

पडताळ्यासाठी: रोहूच्या पाठीच्या परात एकूण १५ ते १६ शलाका असतात आणि गुदपरात ७. खरा काटा एकही नाही. तिलापियाच्या मोझांबिक जातीत पाठीच्या परात १५ ते १८ काटे आणि त्यांच्यामागे १० ते १३ शलाका. गुदपरात ३ काटे.

### खवले

पार्श्वरेषेवरच्या प्रत्येक खवल्याला एक छिद्र किंवा नळी असते. कल्ल्याच्या झाकणामागे खांद्याच्या हाडाला टेकलेल्या पहिल्या खवल्यापासून सुरुवात करा आणि शेपटीच्या घडीवर रोवलेल्या टाचणीपाशी थांबा. घडीच्या पलीकडचे छिद्राचे खवले मोजू नका. रोहूमध्ये हा आकडा ४० ते ४४ येतो. खवला गळून गेला असेल तर तिथली खळगी मोजा.

तिलापियासारख्या सिक्लिड माशांत पार्श्वरेषा तुटलेली असते. वरचा तुकडा पाठीच्या पराखाली संपतो आणि दुसरा काही ओळी खाली सुरू होऊन शेपटीपर्यंत जातो. रेषा मध्येच गायब झाली म्हणजे खवले गळाले असे समजू नका. हे तुटलेपण हेच त्या कुळाचे चांगले लक्षण आहे. त्याच्या जोडीला नाकपुड्या पाहा: सिक्लिडना प्रत्येक बाजूला एकच छिद्र असते, कार्पला दोन.

खवल्याचा प्रकार पाहायला पाठीच्या पराच्या पुढच्या टोकाखाली, पार्श्वरेषेच्या वरचा खवला काढा. कडा गुळगुळीत असेल तर सायक्लॉइड, मागच्या कडेला बारीक दात असतील तर टेनॉइड. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवल्यावर टेनॉइड खवले खरखरीत लागतात, पण भिंगाशिवाय निर्णय लिहू नका. वय काढायचे असेल तर वलये मोजायला पाच-सहा खवले बाजूला ठेवा. गळालेल्या खवल्याच्या जागी उगवलेल्या नव्या खवल्याचे केंद्र धूसर असते आणि त्यात सुरुवातीची वलये नसतात. असा खवला टाकून द्या.

> तपासा: पोटाचे पर कुठे आहेत? कार्पमध्ये ते पोटाच्या मध्यावर, छातीच्या परांपासून बरेच मागे असतात. तिलापियात ते जवळजवळ छातीच्या परांखाली आलेले असतात. मोठे गट वेगळे करायला ही एक नोंद फार उपयोगी पडते.

## टप्पा ४: कल्ले

डाव्या कल्ल्याचे झाकण पुढच्या कडेलगत कापून काढा. आत पूर्ण कल्ले असलेल्या चार कमानी दिसतील. पाचव्या कमानीवर कल्ले नसतात. तिचे काम टप्पा ७ मध्ये आहे.

प्रत्येक कमानीला दोन बाजू असतात. मागच्या बाजूला लाल तंतूंच्या दोन ओळी, त्यांतून वायूंची देवाणघेवाण होते. पुढच्या बाजूला, तोंडाच्या पोकळीकडे, पांढरट कर्षक, म्हणजे गिल रेकर. ते श्वसनाचे अवयव नाहीत, अन्नकण अडवतात. आकृतीत या दोघांची अदलाबदल सर्रास होते.

पहिली कमान वर आणि खाली कापून सोडवा, पाण्यात तरंगत ठेवा आणि वरच्या व खालच्या फांदीवरचे कर्षक वेगळे मोजा. हवेत ठेवलेल्या कमानीचे तंतू एकमेकांना चिकटतात. मासा पाण्याबाहेर का गुदमरतो ते तिथेच दिसते. सांध्यावर बसलेला कर्षक खालच्या फांदीत धरतात. प्लवक गाळून खाणाऱ्या माशांत कर्षक लांब आणि दाट असतात, शिकारी माशांत आखूड आणि विरळ.

## टप्पा ५: पोट उघडणे

संग्रहात ठेवायचा नमुना उजव्या बाजूने उघडतात, म्हणजे डावी बाजू अखंड राहते. शिकण्यासाठी डावी बाजू उघडा. पुस्तकातल्या आकृत्या तशाच काढलेल्या असतात.

1. कापाच्या रेषेवरच्या खवल्यांची एक ओळ आधी काढा, नाहीतर कात्री घसरते.
2. गुदद्वाराच्या किंचित पुढे कातडीला छोटी चीर द्या. गुदद्वारातच कात्री घातली तर आतड्याचे टोक कापले जाते आणि मूत्र-जनन छिद्र ओळखता येत नाही.
3. बोथट टोकाची कात्री आत घाला, टोक सतत वर उचललेले ठेवा आणि मध्यरेषेने छातीच्या परांच्या बुडापर्यंत जा.
4. पुन्हा मागे या. गुदद्वारापासून वर, पार्श्वरेषेच्या थोडे खाली पोहोचेपर्यंत वळणदार काप घ्या.
5. तिथून पुढे कल्ल्याच्या पोकळीच्या मागच्या कडेपर्यंत काप न्या. वाताशय (हवेची पिशवी) याच काप-रेषेच्या आत असतो, म्हणून कात्रीचे टोक इथे फक्त अर्धा सेंमी आत राहू द्या.
6. पोटाची भिंत वर उचला आणि आतला चिकटलेला पातळ पडदा सुईच्या बाजूने हलकेच सोडवत ती काढा.

'फुस्स' असा आवाज आला तर वाताशय फुटला आहे. काम थांबवायची गरज नाही, पण त्याचा आकार आता नोंदवू नका.

> सावधान: यकृताच्या आसपास हिरवट-काळी पिशवी दिसली की तिथे सुई नेऊ नका. ते पित्ताशय आहे. फुटले तर पित्त शेजारच्या अवयवांवर पसरते आणि सगळे हिरवे-पिवळे दिसू लागते. फुटलेच तर लगेच भरपूर पाणी ओता. काही मिनिटांनी डाग बसतो.

काहीही हलवण्याआधी एक फोटो काढा आणि आकृतीची बाह्यरेषा आखा. अवयव जागेवर असतानाच त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध दिसतो.

## टप्पा ६: अवयवांचा क्रम

### आधी हृदय

यकृताकडून येणाऱ्या शिरा हृदयाच्या मागच्या कप्प्यात उघडतात. यकृत आधी उचलले तर त्या तुटतात आणि सगळी पोकळी रक्ताने भरते. म्हणून मध्यरेषेचा काप छातीच्या परांमधल्या हाडातून उथळपणे पुढे वाढवा आणि हृदयाभोवतीची पोकळी उघडा. ती पोटाच्या पोकळीपासून एका आडव्या पडद्याने वेगळी असते.

मागून पुढे चार भाग ओळखा: पातळ भिंतीचा सायनस व्हेनोसस, गडद आणि सैल अलिंद, जाड भिंतीचे निलय, आणि पांढरा, शंकूसारखा बल्बस आर्टेरिओसस. शेवटच्या भागाला 'कोनस' लिहिणे ही नेहमीची चूक. कोनस हा शार्कमध्ये ठळक दिसतो. त्याची भिंत हृदयाच्या स्नायूची असते आणि आत झडपांच्या ओळी असतात. कार्पसारख्या माशात तिथे लवचिक भिंतीचा बल्बस असतो आणि तो स्वतः आकुंचन पावून रक्त ढकलत नाही.

माशाच्या हृदयातून फक्त ऑक्सिजन कमी असलेले रक्त जाते. ते पुढे कल्ल्यांत शुद्ध होऊन तिथूनच शरीरभर पसरते. हृदयात 'शुद्ध' रक्ताचा लाल बाण काढला असेल तर आकृती चुकली.

### मग आतडे आणि यकृत

कार्पला खरे जठर नसते. अन्ननलिकेमागे दिसणारा फुगीर भाग आतड्याचाच आहे. पित्तनलिका त्याच्या सुरुवातीला उघडते, यावरून ते ठरते. यकृताचे भाग आतड्याच्या वेटोळ्यांत शिरलेले असतात आणि स्वादुपिंड वेगळे दिसत नाही, कारण त्याचे ऊतक विखुरलेले असते. ते शोधण्यात वेळ घालवू नका. वेटोळ्यांमधली गडद लाल, गुळगुळीत कडांची पट्टी म्हणजे प्लीहा.

आतडे बांधून ठेवणारा पडदा कापत वेटोळी सोडवा आणि ओढ न देता ओल्या ट्रेवर मोजपट्टीलगत ठेवा. आतड्याची लांबी भागिले प्रमाण लांबी हा आकडा आहाराबद्दल बरेच सांगतो: मांसभक्षी माशांत तो १ च्या आसपास किंवा कमी येतो, वनस्पती व गाळ खाणाऱ्यांत कित्येक पट. ओढून मोजले तर आकडा सहज फुगतो.

### शेवटी वाताशय, जननग्रंथी, मूत्रपिंड

कार्पचा वाताशय मध्ये आवळलेला, दोन कप्प्यांचा असतो. मागच्या कप्प्याच्या पुढच्या टोकाकडून एक बारीक नळी अन्ननलिकेकडे जाते. ती शोधल्याशिवाय आतड्याचा पुढचा भाग कापू नका. तिलापियाच्या वाताशयाला अशी नळी नसते. तिथे वायू रक्तातून भरला जातो.

वाताशयाच्या दोन्ही बाजूंना जननग्रंथी. वृषण पांढरट आणि सलग, अंडाशय पिवळसर आणि दाणेदार. प्रजननकाळ नसेल तर दोन्ही धाग्यासारख्या असतात. तेव्हा तुकडा भिंगाखाली पाहिल्याशिवाय नर-मादी लिहू नका.

पाठीच्या कण्याखाली, पडद्याच्या मागे, गडद लाल मऊ पट्टा दिसतो. साठलेले रक्त समजून तो पुसून टाकला जातो आणि मग मूत्रपिंड सापडत नाही. कार्पमध्ये त्याचा सर्वांत रुंद भाग वाताशयाच्या दोन कप्प्यांमधल्या खाचेत बसतो.

> तपासा: मूत्रपिंड की रक्ताची गाठ? पिपेटने पाणी सोडा. गाठ विरघळून वाहते, मूत्रपिंड जागेवर राहते.

## टप्पा ७: गट ठरवणारी हाडे

घशातले दात. कार्पच्या जबड्यात दात नसतात. पाचव्या कमानीचे कोयत्यासारखे हाड दोन्ही बाजूंनी सोडवा, दोन-तीन मिनिटे गरम पाण्यात ठेवा आणि जुन्या मऊ ब्रशने साफ करा. दात ओळींमध्ये असतात. सायप्रिनसमध्ये डावीकडे १, १, ३ आणि उजवीकडे ३, १, १. उकळत ठेवले तर दात गळतात. गळालेल्या दातांची खोबणही मोजा.

वेबरची हाडे. वाताशयाच्या पुढच्या टोकापासून आतल्या कानापर्यंत लहान हाडांची साखळी असते. पहिल्या चार मणक्यांच्या भागांपासून ती बनलेली आहे आणि वाताशयाची कंपने कानाकडे पोहोचवते. वाताशय काढताना तो पुढून झटक्याने ओढू नका. त्याच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी एकेक वाकडे, त्रिकोणी हाड टेकलेले दिसेल. तो ट्रायपस, साखळीतला सर्वांत मोठा तुकडा. सुईच्या टोकाने तो किंचित हलवला की पुढचे तुकडेही हलतात. एवढे दिसले की मासा ऑस्टॅरिओफायसी गटातला, हे पक्के. कार्प आणि कॅटफिश दोन्ही याच गटात येतात, मग एकाला खवले असोत आणि दुसऱ्याला नसोत.

ओटोलिथ. बहुतेक हाडाळ माशांत सर्वांत मोठा खडा सॅजिटा असतो. कार्प आणि कॅटफिशमध्ये मात्र सॅजिटा सुईसारखा बारीक असतो, आणि कार्पमध्ये अॅस्टेरिस्कस हा दुसरा खडा मोठा असतो. मोठा दिसला म्हणून सॅजिटा लिहू नका.

मेंदू हवा असेल तर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या डोक्याचे छत डोळ्यांच्या मागून स्काल्पेलने थराथराने तासा. कार्पच्या मेंदूत मागे चवीशी संबंधित मोठे व्हेगल खंड दिसतात; त्यांना अनुमस्तिष्क (लहान मेंदू) समजू नका.

### जपून ठेवणे

'१० टक्के फॉर्मॅलिन' म्हणजे बाजारातल्या फॉर्मॅलिनचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग. बाजारातल्या द्रावणात फॉर्माल्डिहाइड ३७ ते ४० टक्केच असते, म्हणून तयार मिश्रणात ते सुमारे ४ टक्के येते. 'खरे १० टक्के' करायला एकास तीन मिसळणे चूक आहे. हाडे टिकावीत म्हणून दर लिटरला ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घाला. न उघडलेल्या मोठ्या माशाच्या पोटाला उजवीकडे चीर द्या, नाहीतर आतून कुजतो. आठवडाभराने एक-दोन दिवस पाणी बदलत धुवा आणि मग टप्प्याटप्प्याने ७० टक्के अल्कोहोलमध्ये न्या.

> सावधान: फॉर्माल्डिहाइड कर्ककारक आहे. हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा यांशिवाय बरणी उघडू नका आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतू नका.

## टप्पा ८: मोठा गट ठरवणे

प्रश्न याच क्रमाने विचारा.

1. जबडा आहे का? नसेल आणि जोडीचे परही नसतील तर लँप्रे किंवा हॅगफिश.
2. सांगाडा कूर्चेचा, त्वचेवर दातासारखे प्लॅकॉइड खवले, कल्ल्यांच्या ५ ते ७ उघड्या फटी? शार्क आणि पाकट यांचा गट. नरात पोटाच्या परांना आलिंगक (मिलनासाठीचे दांडे) असतात. कायमेरा अपवाद: सांगाडा कूर्चेचा, पण बाहेर एकच फट दिसते.
3. हाडाळ सांगाडा आणि जोडीच्या पराच्या बुडाशी एकच हाड, भोवती मांसल देठ? फुप्फुसमासे किंवा सीलाकँथ. आज फुप्फुसमाशांच्या ६ आणि सीलाकँथच्या २ जाती आहेत.
4. हाडाळ सांगाडा, पर शलाकांनी तोललेले? ३० हजारांहून अधिक जाती असलेला शलाकापर माशांचा गट. आता टप्पा ३ आणि ७ मधल्या नोंदी लावून कुळापर्यंत या.

लांबलचक शरीर, चपटेपणा किंवा खवले नसणे यांवरून सुरुवात करू नका. ही लक्षणे वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आली आहेत.

## टप्पा ९: उभयचरांशी गल्लत टाळणे

यासाठी रानातून बेडूक पकडू नका. तयार सांगाडा, जुना संग्रहित नमुना किंवा चांगले फोटो पुरतात.

टॅडपोल की माशाचे पिल्लू? शेपटीचा पर भिंगाखाली पाहा. टॅडपोलच्या शेपटीचा पर नुसत्या कातडीचा असतो, त्यात शलाका नसतात. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माशातही शलाका उमटलेल्या नसतात, म्हणून एवढ्या लहान जीवावर ही कसोटी लावू नका.

टॅडपोल की सॅलॅमँडरची (शेपटी असलेल्या उभयचराची) अळी? बेडकात पुढचे पाय कातडीच्या घडीखाली वाढतात आणि मागच्या पायांनंतर बाहेर दिसतात. सॅलॅमँडरमध्ये पुढचे पाय आधी येतात आणि डोक्यामागे झुपकेदार बाह्य कल्ले असतात.

वाम, देवगांडूळ (पाय नसलेला उभयचर) की साप? वामेला कल्ल्याची फट आणि शलाका असलेला पाठीचा पर असतो. देवगांडुळाच्या ओलसर अंगावर वलयांच्या खाचा, डोळा आणि नाकपुडीच्या दरम्यान एक छोटी स्पृशा, आणि गुदद्वार जवळजवळ शरीराच्या टोकाला. सापाचे खवले कोरडे.

बेडकाच्या सांगाड्यात चार गोष्टी पाहा: कवटीच्या मागे दोन उंचवटे, पुढच्या पायात जुळलेली रेडिओ-अल्ना, मागच्या पायात जुळलेली टिबिओ-फिब्युला, आणि कण्याच्या शेवटी युरोस्टाइल हा दांडा. युरोस्टाइलला शेपटीचे हाड म्हणून थांबू नका; शेपटीचे मणके एकत्र येऊन तो बनतो आणि आजच्या उभयचरांत तो फक्त बेडकांच्या गणात आढळतो.

## टप्पा १०: वंशवृक्ष काढणे

कोष्टक करा. ओळींत लँप्रे, शार्क, कार्प, फुप्फुसमासा, सॅलॅमँडर, बेडूक. स्तंभांत जबडा, आतून हाडात रूपांतर होणारा सांगाडा, आतड्यातून निघालेला हवेचा अवयव, पराच्या किंवा पायाच्या बुडाशी एकच हाड, बोटे, युरोस्टाइल. लक्षण असेल तर १, नसेल तर ०. लँप्रे ही तुलनेची बाहेरची ओळ.

लँप्रेला सगळीकडे ०. शार्कला फक्त जबडा. कार्पला पहिली तीन. फुप्फुसमाशाला चार, सॅलॅमँडरला पाच, बेडकाला सहा. फांद्या याच क्रमाने फुटतात. फुप्फुसमासा कार्पपेक्षा बेडकाला जवळचा निघतो आणि अनेकांना इथे कोष्टक चुकले असे वाटते. ते बरोबर आहे. 'मासे' हा शब्द एका संपूर्ण वंशशाखेसाठी वापरता येत नाही, कारण त्याच शाखेतून निघालेले उभयचर आपण त्यातून वगळतो.

नेहमी होणाऱ्या चुका:

जुने लक्षण गटासाठी वापरणे. कल्ले शार्क, कार्प आणि फुप्फुसमासा तिघांना आहेत, पण ते सगळ्यांच्या पूर्वजापासून आलेले आहेत. त्यावरून तिघांची वेगळी शाखा बनत नाही.

नाहीसे झालेले लक्षण मुळातच नव्हते असे धरणे. देवगांडुळाला पाय नाहीत म्हणून ० दिले तर ते बेडकापासून दूर फेकले जाते. अशा वेळी कवटी आणि फुप्फुसे यांची लक्षणे कोष्टकात वाढवा.

माहीत नाही तिथे ० लिहिणे. जीवाश्मात हृदय किंवा वाताशय सहसा टिकत नाही. तिथे प्रश्नचिन्ह लिहा.

फुप्फुस वाताशयापासून आले असे लिहिणे. पुरावा उलट दिशेचा आहे. हाडाळ माशांच्या सुरुवातीच्या वंशांत फुप्फुसासारखा अवयव होता. शलाकापर माशांपैकी पॉलिप्टेरसमध्ये तो आजही खालच्या बाजूने घशात उघडतो.

जीवाश्म थेट खोडावर बसवणे. टिकटालिक हा मासा आणि चार पायांचे प्राणी या दोघांची लक्षणे असलेला जीवाश्म, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. कॅनडातल्या एल्समेअर बेटावर तो २००४ मध्ये सापडला आणि २००६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण पोलंडमधल्या झाखेउमिये येथे चार पायांच्या प्राण्यांचे मानले जाणारे सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचे ठसे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ते टिकटालिकपेक्षा जुने आहेत. म्हणून टिकटालिक बाजूच्या फांदीवर काढा, बेडकाचा पणजोबा म्हणून रेषेत बसवू नका. सुरुवातीच्या चार पायांच्या प्राण्यांत बोटांची संख्याही पाच धरू नका: अॅकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला ८ बोटे होती, इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला ७.

> तपासा: कोणताही सांधा धरून त्याच्या दोन फांद्यांची अदलाबदल करा. बेडूक मधे आणि कार्प टोकाला आला तरी नातेसंबंध तेच राहिले पाहिजेत. अदलाबदलीनंतर आकृतीचा अर्थ बदलला असे वाटत असेल, तर तुम्ही फांद्यांची टोके डावीकडून उजवीकडे वाचत आहात. कोण कोणाला जवळचे हे सांध्यांवरून वाचा आणि प्रत्येक सांध्यावर तो ठरवणारे लक्षण पेन्सिलीने लिहा. ज्या सांध्यावर लिहायला काही सापडत नाही, तो सांधा पुसा.